सोल्डरिंग आयर्न किती गरम ठेवायचे?



लॅपटॉपची चार्जरची पिन जिथे खुपसतो ते सॉकेट सैल होणे हा आपल्या घरोघरचा आजार आहे. वायर जरा वाकडी धरली, खाली वही सरकवली की चार्जिंग सुरू. कुणाचा हात लागला की बंद. दुकानात नेले की "मदरबोर्ड बदलावा लागेल" असे ऐकायला मिळते आणि त्या पैशांत भर घालून नवीनच घेऊ, असा विचार मनात येतो. खरे तर पुष्कळदा गेलेले असते ते काही रियालचे सॉकेट, किंवा तेही नाही, नुसते त्याच्या पायांचे बोर्डावरचे सोल्डर.

मुशैरिबच्या जुन्या रहिवाशांना कहरबा स्ट्रीट आठवत असेल. कहरबा म्हणजे वीज. दोह्यात सगळ्यात आधी विजेचे दिवे लागले तो हा रस्ता, म्हणून हे नाव. २०१० मध्ये नव्या मुशैरिबचे काम सुरू झाले आणि जुन्या वस्तीतली दाटीवाटीची छोटी दुकाने गेली. आता तिथे मेट्रोच्या तिन्ही मार्गांचे मिळून एक स्टेशन आहे (२०१९ पासून), चकाचक इमारती आहेत, पण रस्त्याचे नाव ऐकून आत शिरावे आणि कोपऱ्यावर भिंग लावून बसलेला दुरुस्तीवाला सापडावा असे दिवस राहिले नाहीत. त्यामुळे आपल्यातले बरेच जण हल्ली आयर्न विकत घेऊन घरीच प्रयत्न करतात. मुलांचे रोबोटिक्सचे किट असते, गाडीतला कॅमेरा असतो, कीबोर्डचा यूएसबी पोर्ट असतो. आणि मग हमखास एकच प्रश्न येतो: "आयर्न किती डिग्रीवर ठेवू?"

आकडा हवाच असेल तर आधी देऊन टाकतो. शिसेवाले सोल्डर असेल तर ३२० ते ३५०, बिनशिशाचे असेल तर ३५० ते ३८० अंश सेल्सिअस. पण नुसता हा आकडा घेऊन कामाला बसलात तर लॅपटॉपच्या सॉकेटपाशी नक्की अडाल, आणि अडल्यावर प्रत्येक माणूस एकच गोष्ट करतो, ती म्हणजे आकडा वाढवत नेतो. ४००, ४२०, ४५०! तिथेच बोर्डाची वाट लागते. म्हणून आकड्यामागचे कारण समजून घेऊ. ते मुळीच अवघड नाही, किंबहुना आपल्या आजीला ते माहीत होते.

दारावर कल्हईवाला यायचा तो आठवा. (तरुण वाचकांनी घरी विचारावे.) पितळेचे पातेले भात्यावर तापवायचे, त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवायचे. काळपट पातेले क्षणात चांदीसारखे! आता नीट बघा. त्याने कथील वितळवून पातेल्यावर ओतले नाही. पातेले तापवले आणि तापलेल्या पातेल्याने कथील वितळवले. नवसागराने पितळेवरचा गंजाचा थर काढला, म्हणून कथील धातूला धरून बसले. पातेले थंड असते किंवा नवसागर नसता तर कथलाचे मणी होऊन घरंगळले असते.

सोल्डरिंग म्हणजे हेच, फक्त पातेल्याऐवजी तांदळाएवढे तांब्याचे पॅड. सोल्डरमध्ये मुख्य धातू कथीलच. नवसागराचे काम करते ते फ्लक्स, म्हणजे बहुधा राळ, जी सोल्डर वायरच्या पोटात भरलेली असते. मात्र एक इशारा: नवसागर किंवा नळकामाचे ॲसिड फ्लक्स बोर्डावर चुकूनही वापरू नका. पातेले नंतर घासून धुतले जाते, बोर्ड नाही. त्या क्षारांचे अवशेष मागे राहतात आणि आपल्या इथल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तांब्याचे ट्रॅक हळूहळू खाऊन टाकतात. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचे राळेचे किंवा 'नो-क्लीन' फ्लक्सच घ्यावे.

आता वितळण्याचे आकडे. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते. त्यात शिसे मिसळले की हा बिंदू खाली येतो; ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे या प्रमाणात तो १८३ अंश होतो. वर्षानुवर्षे जगभर हेच चालायचे. मग युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर मर्यादा घातली. वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगवेगळा माल कोण बनवणार? साहजिकच जवळजवळ सगळे कारखाने बिनशिशाच्या सोल्डरकडे वळले. त्यातले कथील-चांदी-तांबे हे मिश्रण २१७ ते २२० अंशांना वितळते, स्वस्तातले कथील-तांबे २२७ ला. म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये कारखान्याने घातलेले सोल्डर जुन्या रेडिओतल्या सोल्डरपेक्षा ३५-४० अंशांनी हट्टी आहे. पुण्या-मुंबईत कॉलेजच्या लॅबमध्ये ज्यांनी सोल्डरिंग केले आहे त्यांना इथे पहिला धक्का बसतो, तो याच कारणाने.

चांगला जोड बसायला सोल्डर नुसते वितळून भागत नाही. ते वितळणबिंदूच्या ४० अंश वर जायला हवे, म्हणजे ते पाण्यासारखे पसरते. म्हणजे जोडाला हवेत शिशाच्या सोल्डरसाठी साधारण २२५ अंश, बिनशिशाच्या सोल्डरसाठी २५०-२६०. मग बिट ३५० ला कशाला? कारण बिटाची उष्णता जोडापर्यंत पोचताना वाटेत कमी होते आणि आपल्याला दोन-तीन सेकंदांतच काम उरकायचे असते.

इथे तव्याचे उदाहरण घ्या. पातळ पत्र्याचा तवा आणि जाड बिडाचा तवा, दोन्ही सारखेच तापवले. पातळ तव्यावर धिरड्याचे पीठ घातले की तवा लगेच गार पडतो आणि धिरडे चिकटून बसते. बिडाच्या तव्याला पिठाचा पत्ताही लागत नाही. तापमान दोघांचे सारखेच होते, फरक पडला तो साठवलेल्या उष्णतेत. आयर्नचेही तसेच आहे. टाचणीसारखे अणकुचीदार बिट म्हणजे पातळ तवा. ते ४०० अंशांवर असले तरी जाड धातूला टेकताच गार पडते. त्याऐवजी छिन्नीसारखे चपटे, २-२.५ मिलिमीटर रुंद बिट ३५० अंशांवर ठेवले तरी तेच काम चटकन होते. नवीन आयर्नबरोबर बहुधा टोकदार बिट येते आणि लोकांना वाटते की बारीक कामाला बारीक टोक. माझे मत विचाराल तर ते बिट डब्यात ठेवून द्या आणि चपटे बिट आणा. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

वॅटचेही तसेच. वॅट म्हणजे तापमान नव्हे, गार पडलेले बिट पुन्हा किती लवकर तापते त्याची ताकद. आपल्याकडे कॉलेजात वापरतात ते २५ वॅटचे साधे आयर्न (सोल्ड्रॉन वगैरे) तापमान सांभाळतच नाही. स्टँडवर पडून असताना ते तापत राहते, पुष्कळदा ४०० च्या आसपास जाते आणि जाड कामाला टेकवले की थंड होते. म्हणजे नको तिथे जास्त आणि हवे तिथे कमी! एलईडी, रेझिस्टर, साधी वायर यांना ते उत्तम आहे, त्यावर आपल्या पिढ्या शिकल्या. पण लॅपटॉपच्या सॉकेटसाठी ६० वॅट किंवा अधिकचे, तापमान नियंत्रित करणारे आयर्न हवे. हल्ली पाइनसिलसारखी यूएसबी-सीच्या चार्जरवर चालणारी पेनाएवढी आयर्नही मिळतात आणि ती चांगली काम देतात, मात्र चार्जर तेवढ्या ताकदीचा हवा.

आता कनेक्टरकडे येऊ. कनेक्टर इतर भागांहून वेगळा का? कारण त्याच्या एका बाजूला असते उष्णता न सोसणारे प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला उष्णता पिऊन टाकणारा धातू. दोन्ही एकाच पिनेला चिकटलेले!

प्लास्टिकचे आधी बघू. बोर्डाच्या भोकात पाय घालून बसवायचे साधे पांढरे कनेक्टर बऱ्याचदा नायलॉन-६६ चे असतात, ते २६० अंशांच्या आसपास वितळते. काही पीबीटी नावाच्या प्लास्टिकचे असतात, ते तर २२५ लाच. म्हणजे जोडाला लागते साधारण तेवढ्यात प्लास्टिक मऊ! वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. दोन सेकंदांत काम झाले तर उष्णता पिनेतून वर प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आत तुम्ही मोकळे. आठ सेकंद घोळ घातलात तर पिन प्लास्टिकमध्ये तिरकी होते आणि मग जोडीचा कनेक्टर कधीच नीट बसत नाही. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा: सोल्डर करताना जोडीचा कनेक्टर आत खुपसून ठेवा. पिना सरळ राहतात आणि थोडी उष्णताही तो ओढून घेतो. ओळीने दहा पिना असतील तर एकामागोमाग एक न करता आधी एक टोक, मग दुसरे, मग मधल्या, अशा आलटून-पालटून करा. ड्रोनच्या बॅटरीचे पिवळे एक्सटी-६० कनेक्टरही नायलॉनचेच. त्यांची वायर जाड, म्हणून त्यांना सगळ्यात मोठे बिट, आणि तिथेही जोडीचा कनेक्टर लावूनच. (बॅटरी मात्र अर्थातच दूर. आणि लिथियमच्या सेलवर थेट सोल्डर घरी कधीही नाही.)

आता लॅपटॉपचे सॉकेट. त्याचा एक पाय, आणि बाहेरच्या धातूच्या कवचाचे पाय, बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले असतात. हे ग्राउंड म्हणजे बोर्डाच्या पोटात चार-सहा-आठ थरांत पसरलेला तांब्याचा पत्रा. त्या पायाला आयर्न टेकवले की तुम्ही एक पाय तापवत नसता, अख्खा बोर्ड तापवत असता. म्हणून सोल्डर हलत नाही आणि हात आपोआप तापमानाच्या बटणाकडे जातो. तो आवरा. ४५० ला काय होते ते सांगतो. फ्लक्स क्षणात जळून जाते, आणि फ्लक्स गेले की सोल्डरवर साय धरते आणि उष्णता आणखीच पोचेनाशी होते. बिटाचे टोक काळे पडते. आणि मुख्य म्हणजे साधा फायबर-इपॉक्सीचा बोर्ड १३०-१४० अंशांच्या पुढे मऊ पडून फुगू लागतो. तांब्याचे पॅड त्याला नुसते चिकटवलेले असते, ते सुटते. पॅड उखडले की मात्र दुकानदाराचे ते "मदरबोर्ड बदला" खरे ठरते.

त्याऐवजी असे करा. बॅटरी काढा किंवा तिचा कनेक्टर सोडवा, चार्जर दूर ठेवा. जुन्या जोडावर भरपूर फ्लक्स लावा आणि त्यावर थोडे ताजे शिशाचे सोल्डर घाला. हे ऐकून लोक दचकतात, की काढायचे असताना घालायचे कशाला? कारण दोन्ही मिसळले की जुन्या हट्टी सोल्डरचा वितळणबिंदू खाली येतो आणि थेंब मोठा झाल्याने बिटाची उष्णता सगळीकडून पोचते. बोर्ड आधी कोमट करून घ्या. कारागीर त्यासाठी १०० अंशांच्या आसपास तापणारा हीटर वापरतात, घरी हेअर ड्रायरनेही थोडा फरक पडतो. शेजारच्या प्लास्टिकवर कॅप्टन टेप लावा. मग सगळ्यात रुंद बिट, ३७० अंश, आणि तांब्याच्या जाळीची पट्टी किंवा पंप यांनी सोल्डर ओढून घ्या. ग्राउंडच्या पायाला पाच-सहा सेकंद लागले तर लागू द्या, तिथे प्लास्टिक लांब असते. पण पाय पूर्ण मोकळा होईपर्यंत सॉकेट ओढायचे नाही. भोकाच्या आत तांब्याचा नळीसारखा मुलामा असतो, तो दोन थरांना जोडतो. जोर लावलात तर तो पायाबरोबर बाहेर येतो, आणि तो परत बसवता येत नाही.

नवीन सॉकेट बसवताना बिट पॅड आणि पाय दोघांना एकाच वेळी टेकवा, एक सेकंद थांबा, आणि सोल्डर वायर बिटाला न लावता समोरच्या बाजूने पायाला लावा. पाय पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून ओढले जाते, कल्हईसारखे. आधी वायर काढायची, मग बिट. आणि गार होईपर्यंत हलवायचे नाही, फुंकर मारायची नाही. जोड डोंगराच्या पायथ्यासारखा आत वळलेल्या उताराचा दिसला पाहिजे. मण्यासारखा गोल दिसला तर तो वरवर बसलेला आहे. चकाकीवर मात्र जाऊ नका. शिशाचा जोड चकाकतो, बिनशिशाचा चांगला जोडही जरा मंदच दिसतो, आणि या गैरसमजापायी लोक चांगले जोड पुन्हापुन्हा तापवून खराब करतात.

एवढी काळजी कशाला, चार्जिंग होतेय ना, असे कुणी म्हणेल. तर एक साधे गणित. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर साधारण १९.५ व्होल्टला ३.३ अँपिअर देतो. वरवर बसलेल्या जोडात अर्धा ओहम रोध आला तरी करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेपाच वॅट उष्णता त्या एका ठिपक्यात निर्माण होते. रात्रभर, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये. सॉकेटभोवतीचे प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडलेले दिसले किंवा जळका वास आला तर समजा की हेच चालले आहे, आणि त्या क्षणापासून तो लॅपटॉप चार्जिंगला लावू नका.

याच कारणाने आणखी एक गोष्ट, जी इंजिनीअर मंडळीही करतात. स्क्रूने आवळायच्या टर्मिनलमध्ये (प्लग, एक्स्टेंशन बोर्ड वगैरे) घालायच्या वायरच्या तारांना आधी सोल्डर लावून टोक कडक करायचे. दिसायला सुबक दिसते, पण सोल्डर मऊ असते, स्क्रूच्या दाबाखाली महिन्या-दोन महिन्यांत दबत जाते आणि स्क्रू सैल पडतो. तिथे तारा नुसत्या पिळून घाला किंवा टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी वापरा.

यूएसबी-सी पोर्टबद्दल अनेकजण विचारतात. पूर्ण पोर्टला २४ संपर्क असतात, त्यांतली एक ओळ बऱ्याचदा कवचाखाली दडलेली असते, तिथे बिट पोचतच नाही. ते गरम हवेचे आणि मायक्रोस्कोपचे काम आहे. पोर्टात कापूस-धूळ अडकली असेल तर लाकडी टूथपिकने साफ करून बघा (फोन बंद करून), अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर जाणकाराकडे द्या.

थोडे दोह्यापुरते. इथला पुरवठा २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तेव्हा भारतातून आणलेले आयर्न चालते. पण आपला गोल पिनांचा प्लग इथल्या तीन चपट्या पिनांच्या सॉकेटमध्ये घालायला जो स्वस्त ॲडॅप्टर वापरतो, त्यात पुष्कळदा अर्थिंग जोडलेलेच नसते. आयर्नला अर्थिंग नसले तर बिटावर थोडा गळती करंट येतो आणि नाजूक चिप जाऊ शकते. तुम्हालाही झिणझिणी बसते. अर्थिंग असलेला ॲडॅप्टर घ्या किंवा सरळ प्लगच बदला.

दुसरे म्हणजे आपली घरे. उन्हाळ्यात खिडक्या बंद, एसी चालू, आणि त्याच खोलीत मुले अभ्यासाला. सोल्डरचा जो धूर दिसतो तो शिशाचा नसतो, या तापमानाला शिसे वाफ होऊन उडत नाही. तो राळेचा धूर असतो, पण तोही निरुपद्रवी नाही, त्याने दमा होऊ शकतो, आणि असलेला बळावतो. बाथरूमचा एक्झॉस्ट किंवा छोटा पंखा धूर तुमच्यापासून दूर ओढेल असा लावा. एसीचा झोत मात्र थेट कामावर नको, बिट आणि बोर्ड दोन्ही गार पडतात. शिसे पोटात जाते ते हातावरून. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही, जेवणाच्या टेबलावर हे काम करायचे नाही, आणि उडालेले थेंब ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. रांगते मूल घरात असेल तर मी म्हणेन, बिनशिशाचेच सोल्डर वापरा, २०-३० अंश जास्त लागले तरी चालतील.

सामानाचे म्हणाल तर सुट्टीत गेलात की मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सगळे मिळते. जुने सॉकेट बरोबर न्या, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही पायांची जागा वेगळी असते. ०.८ मिलिमीटरची सोल्डर वायर, फ्लक्स, जाळीची पट्टी, आणि बिट पुसायला पितळी तारांचा गोळा. ओल्या स्पंजपेक्षा तो बरा, बिट एकदम गार पडत नाही. पहिला प्रयोग लॅपटॉपवर करू नका. बंद पडलेला राउटर किंवा जुना सेट-टॉप बॉक्स घ्या, त्याची सॉकेट्स चार वेळा काढा-घाला.

आणि काम संपले की बिट पुसून चकचकीत करून ठेवू नका. उलट त्यावर सोल्डरचा एक छान थेंब घाला, तसेच माखलेले ठेवा आणि मग आयर्न बंद करा. पुढच्या वेळी तापले की तो थेंब झटकायचा, खाली बिट कल्हई केल्यासारखे स्वच्छ असते.